हात शेजारी धरा

मनिषने पाठवलेल्या फोटोत मासा नव्हता, पण वर्षाला तो आधी मासाच वाटला. गॅसवर चहा ठेवून तिने फोन उघडला आणि गेल्या काही महिन्यांत डोळ्यांना जी खोड जडली होती तिच्यामुळे ती आधी डोळा शोधू लागली, मग कल्ला, मग शेपटी. जाडजूड काहीतरी होतं, लालसर-जांभळं, कातडी ताणून चकचकीत झालेली. पाण्याबाहेर काढलेला फोटो असणार, तिने मनाशी म्हटलं, कारण पाण्यात खोल गेलं की लाल रंग पहिला नाहीसा होतो आणि इथे तर लालच लाल होतं. एवढा विचार करून झाल्यावर तिला नख दिसलं. मग दुसरं नख. मग पांढऱ्या चादरीचा कोपरा आणि सलाईनची नळी. खाली मनिषने लिहिलं होतं : 'काल ट्रायल करताना झालं. दगडमाशाचा काटा. ॲप बरोबर होतं. टेन्शन नको घेऊ.' मागे चहा उतू गेला. गॅस विझल्याचा वास खोलीभर झाला, तरी ती तशीच उभी राहिली. तिला राग आला होता. आधी भीती वाटायला हवी होती, निदान वाईट तरी, पण आला तो राग, आणि तोही नेमका कुणाचा हे कळेना. टेन्शन नको घेऊ म्हणणाऱ्या मनिषचा, की एका माणसाच्या हातात मासा शोधत बसलेल्या आपल्याच डोळ्यांचा.

मनिष डहाणूजवळच्या वरोरचा, मच्छीमारांच्या घरातला. अंदमानात पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम करायचा. वर्षा तळासरीची, समुद्रापासून आत, डोंगराकडची. डहाणूत मसोलीला भाड्याच्या खोलीत राहून मुंबईच्या एका कंपनीसाठी ॲपचे स्क्रीन आखायची. डायव्हर लोक पाण्याखाली फोटो काढतात, त्या फोटोवरून मासा ओळखून देणारं ॲप. समुद्राशी तिचा संबंध काय, तर लहानपणी वडिलांनी एकदा एसटीने डहाणूला आणलं होतं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि वाकून पाहिलं तर स्वतःचे पायच दिसेनात. गढूळ, चहासारखं पाणी. ती किंचाळली, वडील हसले, आणि समुद्र म्हणजे पाय खाणारी गोष्ट ही समजूत कायमची बसली. पोहता तिला अजूनही येत नाही. या कामासाठी तिने भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, बादलीत पाणी भरलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात बुडवला आणि बटणं दाबून पाहिली. घरमालकीण दारातून बघत होती. तिला काय सांगणार? हे हातमोजे घालून बघ, असं मनिषनेच लिहिलं होतं. ट्रायल घेणाऱ्या लोकांत एवढी कटकट दुसरं कुणी करत नसे. 'बटण अंगठ्याला लागत नाही.' 'उन्हात हिरवं दिसत नाही.' 'तू कधी पाण्यात गेलीयेस का?' त्याची वाक्यं वाचून ती चिडायची, मोठ्याने काहीतरी पुटपुटायची आणि मग त्याने सांगितलं तसं करायची. वरोरचा आहे हे कळल्यावर तिने मॅडम म्हणणं बंद करायला सांगितलं, आणि तेव्हापासून तो अधिकच कटकट करू लागला.

लॅपटॉप उघडून तिने कालच्या नोंदी काढल्या. मनिषची नोंद वरच होती. फोटोत एक खडबडीत, शेवाळलेला दगड आणि त्यावर बसलेला करंगळीएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा. ॲपने त्या छोट्या माशाभोवती चौकट आखली होती, नाव दिलं होतं, त्र्याण्णव टक्के, हिरवी खूण, 'निरुपद्रवी'. आणि त्याखाली तिची ओळ. 'अचूक आकारासाठी हात शेजारी धरा.' शेजारी तिने काढलेलं हाताचं चित्र, साध्या एका रेघेचं, बोटं किंचित पसरलेली. पुढच्या फोटोत कडेने एक हात आत येत होता, हलल्यामुळे पुसट. त्यापुढे फोटो नव्हता. ती पुन्हा पहिल्या फोटोकडे आली आणि दगड मोठा करत गेली. शेवाळ, खड्डा, पुन्हा शेवाळ. मग खड्डा खड्डा राहिला नाही. तिथे खाली वळलेल्या कोपऱ्यांचं तोंड होतं, एखाद्या नाराज म्हातारीसारखं, आणि वर गढूळ मण्यासारखा एक डोळा. तो दगड नव्हताच. ज्यावर तो छोटा मासा बसला होता तो दगडमासाच होता. ॲप खरंच बरोबर होतं. विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं होतं आणि हात तिने मागितला होता.

ती कल्पना तिला डहाणूच्या मासळीबाजारात सुचली होती. एक बाई गिऱ्हाइकाला फोनवर सुरमईचा फोटो पाठवताना आपला कोपरापर्यंतचा हात माशाला लावून दाखवत होती, केवढी आहे ते बघ म्हणून. वर्षाला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. फोटोत आकार कळत नाही ही तर सगळ्यांची रड होती. पट्टी घेऊन पाण्यात कोण जाणार, हात मात्र प्रत्येकाकडे असतो. मीटिंगमध्ये तिने ते मांडलं तेव्हा कंपनीच्या उमेश सरांनी टाळ्या वाजवल्या, पडद्यावरच्या बाकीच्या चौकोनांतल्या लोकांनीही वाजवल्या आणि त्या दिवशी ती संध्याकाळी एकटीच आइस्क्रीम खाऊन आली. बाजारात मासा मेलेला असतो, पाटीत असतो, आणि पाण्यात तो जिवंत असतो, एवढी एक गोष्ट टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकालाही सुचली नाही. तिलाही नाही. हे आठवून तिला हसू यायला लागलं, आणि हसू येतंय म्हणून आणखी चीड आली.

आजच्या मीटिंगला उमेश सर नेहमीसारखे आनंदात होते. त्यांच्या मागे भिंतीवर वारली चित्राची चौकट होती. मुलाखतीच्या वेळीही होती. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, तळासरी म्हणजे वारली ना तुम्ही, मग डिझाइन तर तुमच्या रक्तातच. वर्षाने उभ्या आयुष्यात भिंतीवर एक रेघ ओढली नव्हती. शाळेत पाहुणे आले की मास्तर तिला खडू देऊन पुढे ढकलायचे, ती फळ्यावर घर काढायची, उतरत्या छपराचं आणि मागे सूर्य उगवणारं, आणि पाहुणे हिरमुसायचे. मुंबईला कॉलेजात तर प्रत्येक कामावर शेरा यायचा की यात तू कुठे दिसत नाहीस. मी म्हणजे कोण दिसायला हवं होतं, हे विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

"पहिली गोष्ट म्हणजे मनिष बरा आहे, बोललो मी त्याच्याशी," उमेश सर म्हणाले. "दुसरी गोष्ट वर्षा, आणि ही महत्त्वाची. मॉडेल करेक्ट होतं. अशा फोटोत त्र्याण्णव टक्के! हे तर आपल्या बाजूने आहे."

"सर, पण हात—"

"हात त्याने लावायला नको होता. इन्स्ट्रक्टर माणूस आहे तो."

"लावला नाही त्याने. शेजारी धरला. आपण लिहिलंय म्हणून धरला. सर, ती ओळ काढू या. मी लिहिली, मीच काढते."

आता ते म्हणतील, हो, तुझीच चूक आहे. तिला ते हवं होतं, घशाला कोरड पडल्यावर पाणी हवं असतं तसं. पण उमेश सर समजुतीने हसले.

"अगं, तू पर्सनली घेऊ नकोस. कुणीही तुला ब्लेम करत नाहीये. हात काढला तर आकाराचा डेटा जाईल, लाँच तोंडावर आलाय. खाली बारीक अक्षरात 'काळजी घ्या' टाक. आणि ते हाताचं चित्र जरा सीरियस वाटतं. ते वारली कर ना! तुमची ती माणसं असतात, दोन त्रिकोणांची. त्यातला एक हात वर करून नाचतोय असं. लोकांना क्यूट वाटेल, भीती—"

तेवढ्यात नेट गेलं. उमेश सर तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. वर्षा त्यांच्या त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. वरचा डावा दात किंचित पिवळा होता. मग तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत कोंबला आणि स्कूटर काढली, कारण तळासरीला चुलतभावाचं लग्न होतं आणि आईचे सकाळपासून फोन येत होते, आणि या खोलीत ती आणखी थोडा वेळ बसली असती तर काहीतरी फोडलं असतं.

आशागड मागे पडलं तरी तिच्या डोक्यात तीच मीटिंग चालू होती, आणि त्या मीटिंगमध्ये ती फार सुंदर बोलत होती. सर, पाण्याखाली कुणी नाचत नाही. सर, मला ब्लेम करा ना, एकदा करून तर बघा. सर, दोन त्रिकोणांच्या माणसालासुद्धा काटा बोचतो. समोरून खडीचा डंपर आला, तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला उतरवली आणि धुळीत तोंड मिटून थांबली. रस्त्यात तिला सगळं सुचतं आणि पडद्यासमोर हो सर, हेही आता नेहमीचं झालं होतं. चारोटीला हायवेच्या पुलाखाली थांबून तिने मनिषला फोन लावला. वरून ट्रक जात होते, पूल धडधडत होता. मनिषचा आवाज बारीक, झोपेतल्यासारखा आला. गरम पाण्यात हात धरून ठेवला होता म्हणे, इंजेक्शन दिलं, हात वाचेल पण तर्जनीचं काही सांगता येत नाही. वर्षाने ऐकून घेतलं. तिला विचारायचं होतं, फार दुखतंय का. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तू कशाला धरलास रे हात? एवढ्या वर्षांचा अनुभव तुझा, तुला कळत नाही?"

"स्क्रीनवर आलं म्हणून धरला."

"स्क्रीनवर येईल ते करशील? उद्या येईल, मास्क काढा, मग काढशील? एरवी प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतोस, बटण असं का नि रंग तसा का, मग यातच का नाही काढलंस? बाकी कुणी धरला नाही हात, तूच कसा धरलास?"

पुलाखाली कलिंगडं विकणारा माणूस तिच्याकडे बघायला लागला. तिकडे मनिष हसला आणि हसताना कुठेतरी धक्का बसला असावा, कारण मध्येच कण्हला.

"बाकीचे ती पायरी सोडून पुढे जातात गं. वेळ जातो त्यात. मीच एकटा करायचो."

"का पण?"

"तुझं चित्र होतं ना ते. इथं एवढ्या लांब, पाण्यात, आपल्याकडच्या कुणीतरी काढलेलं. बरं वाटायचं." मग तो म्हणाला, "येडेपणाच तो. तू नको मनाला लावून घेऊ."

फोन बंद झाला. आता हाही तेच म्हणत होता. सगळेच तिला सांगत होते की तिने मनाला लावून घेऊ नये. जणू मन ही ओली भिंत होती आणि तिला टेकलं की कपड्यांना रंग लागेल. तिला वाटलं, एखाद्याने तरी शिवी द्यावी. त्या कलिंगडवाल्याने दिली असती तरी चाललं असतं. तो म्हणाला, "ताई, सावलीत थांबा, ऊन लागंल," आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

तळासरीच्या घरी मांडव पडला होता. बायका घरात सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत होत्या आणि तिची आई, बारकी, त्यात होती. तिची बोटं पिठाने पांढरी झाली होती. लग्नाशिवाय तिने कधी चौक लिहिला नाही. मुंबईहून कुणीतरी कागद घेऊन आलं होतं तेव्हाही नाही. का नाही, तर लगीन कुठाय, असं तिने विचारलं होतं. वर्षा लहानपणापासून या भिंतीसमोर उभी राहिली की कंटाळायची. आज मात्र तिची नजर त्या पांढऱ्या रेघांवरून सरकत गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपण इथेही डोळा शोधतोय, कल्ला शोधतोय. ती घाईने बाहेर पडली. "आता कवा जेवशील?" आई आतून ओरडली. "सांगितलं कवा, आली कवा, नि आली ती चालली कुठं?"

घरामागे मोहाच्या झाडाखाली थोडी रेंज मिळते. तिथे बुंध्याला टेकून तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि फोनचं नेट जोडलं. ट्रायलच्या ॲपमधला मजकूर आणि चित्रं तिला तिच्या खात्यावरून बदलता येत होती. रोजचंच काम होतं ते, कधी काना राहिलेला, कधी शब्द लांब झालेला. तिने हाताचं चित्र काढून टाकलं. त्या जागी काही ठेवलं नाही. मग ओळ खोडून लिहिलं, 'हात लांब ठेवा.' ते वाचून तिचं समाधान झालं नाही. पुढे लिहिलं, 'मासा ज्यावर बसला आहे तो दगड नसेलही.' हिरव्या खुणेकडे तिने पाहिलं. तीही काढली. 'निरुपद्रवी' हा शब्दही. एका ठिकाणचा काढला तर दुसरीकडे होता, माशांच्या यादीत, मदतीच्या पानावर, जिथे तिथे तोच, तिनेच मोठ्या हौसेने पेरलेला, आणि ती तण उपटावं तशी तो उपटत गेली. मान दुखायला लागली. मांडवात स्पीकर सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. शेवटी सगळं एकदम पुढे पाठवून दिलं, आणि समुद्रात कुठे कुठे असतील त्या सगळ्यांच्या फोनवर ते पोहोचलं.

उमेश सरांचा फोन यायला फार वेळ लागला नाही.

"वर्षा, हे काय केलंयस? प्रत्येक माशाखाली तेच येतंय. अगदी साध्या माशाखाली पण!"

"हो."

"हो काय? कुणाला विचारलंस? लोक म्हणतील, ह्यांना काही कळतच नाही. ट्रस्ट जातो अशाने!"

"सर, मनिषचा ट्रस्ट होता म्हणूनच—"

"हे बघ, ट्रायलमध्ये अशी एखादी केस होतेच. तू थकलीयेस. दोन दिवस सुट्टी घे. मी जुनं परत टाकायला सांगतो."

"टाका. मी पुन्हा काढीन. मग तुम्ही माझं खातं बंद करा, म्हणजे मला कळेल तरी की मी काहीतरी केलं होतं."

तिकडून ते काहीतरी मोठमोठ्याने बोलत राहिले. फोन कानापासून लांब धरला तरी आवाज येत होता. बारकी पिठाच्या बोटांनी पदर सावरत झाडाखाली येऊन उभी राहिली होती.

"कोन बोंबलतंय?"

"साहेब."

"बोंबलू दे मग. पान वाढलंय," बारकी म्हणाली आणि फोनकडे जरा वाकून बघून आत गेली.

तिचं खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. नोकरी मात्र गेली नाही. तिला दुसऱ्या कामावर टाकलं, सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करून घेण्याच्या ॲपवर. माशांचं ॲप ठरल्यापेक्षा उशिरा बाजारात आलं, तेव्हा त्यात हाताची ओळ नव्हती. वकिलांनी काढायला सांगितली म्हणे. वर्षाचा त्याच्याशी काही संबंध होता असं कुणी म्हटलं नाही, आणि नव्हता असंही नाही. हिरवी खूण तशीच होती. उद्घाटनाच्या मीटिंगला तिला बोलावलं, आणि सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या, माइक बंद ठेवून.

मनिष बेटावरून घरी आला तो तर्जनीचं टोक तिथेच गमावून. उरलेलं बोट वाकत नव्हतं. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा लागतो, आणि तो गोल मनिषला करता येईना. तो गोल जमेपर्यंत लोकांना पाण्यात न्यायचं नाही, असं तिथल्या मालकाने सांगितलं होतं. हे त्याने तिला फोनवर हसत हसत सांगितलं. हसू नकोस, ती म्हणाली, आणि त्यानंतर वरोरला जायचं तिने तीनदा ठरवून तीनदा टाळलं. काय बोलायचं त्याची मनातल्या मनात तयारी केली. मी येऊन माफी मागायला हवी होती. हे वाक्य तिने आरशासमोर म्हणून पाहिलं आणि ते एखाद्या ॲपच्या स्क्रीनवरचं वाटलं.

शेवटी एका रविवारी दुपारी ती गेली. गल्लीत दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या वासातून वाट काढत ती दारापर्यंत पोहोचली. ओट्यावर मनिषची आई, हिरकणी, वाळलेले सोडे निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि पायांपासून डोक्यापर्यंत वर्षाला न्याहाळलं.

"फोनात मासे दाखवते ती तूच का?"

"हो. मी वर्षा. मनिषला भेटायला—"

"बस. नको, उभीच ऱ्हा. ह्याच्या बापानं सगळा जन्म जाळी ओढली, वादळात बोट उलटली तरी हाताला खरचटलं नाय. नि तू घरात बसून, पंख्याखाली, माझ्या पोराला सांगतेस, हात धर! तुला समुद्रातलं कळतं काय? कधी पाय तरी भिजवलास का गं?"

"गुडघ्यापर्यंत," वर्षा म्हणाली.

"गुडघ्यापर्यंत!" हिरकणीने सुपात हात आपटला. "लाज नाय वाटत?"

वर्षाच्या छातीत काहीतरी सैल झालं. इतके दिवस अडकून बसलेली हवा बाहेर पडल्यासारखं. माफीचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिथेच विरलं, आणि त्याच्यामागून भलतंच बाहेर आलं, तिच्या आईच्या आवाजात, तळासरीच्या आवाजात.

"वाटते ना! रोज वाटते! पण तुमच्या पोराला अक्कल नको? समुद्राच्या पोटातला म्हणवतो नि दगड कुठला नि मासा कुठला ते ओळखू येत नाही? वर मलाच सांगतो, टेन्शन घेऊ नको! घेणार मी टेन्शन!"

"माझ्या पोराला बोलतेस? माझ्या दारात?"

"मग कुठे बोलू? दुसरं कुणी भांडायलाच तयार नाही!"

शेजारच्या ओट्यावरची बाई बाहेर आली. हिरकणी उठून उभी राहिली, पदर कमरेला खोचला, तोंड उघडलं, आणि एकदम तिचा हात वर गेला. आत, अंधारात, कुणीतरी कूस बदलली होती. खाटेची करकर ऐकू आली, मग एक लांब श्वास, मग काही नाही. दोघी दाराकडे तोंड करून थबकल्या.

"आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा," हिरकणी कुजबुजली. "रात्रभर ठणकतं ते बोट. जे नाय ते पण ठणकतं म्हणतो."

हिरकणीने पायाने एक पाट तिच्याकडे सरकवला. वर्षा बसली. हिरकणी बसली, सूप पुन्हा मांडीवर घेतलं, दाराकडे एकदा पाहिलं, वर्षाच्या कानाजवळ तोंड आणलं, आणि दोघी अगदी हळू आवाजात पुन्हा भांडायला लागल्या.